जॉनी क्रेग यांच्या मुखपृष्ठांची कैफियत

एखाद्या कलावंताच्या उभ्या आयुष्यातील कामाचा निवाडा त्याच्या एकाच चित्रावरून व्हावा, ते चित्रही फिर्यादी पक्षाने मुद्देमाल म्हणून लोकांपुढे धरावे, आणि निवाडा चालू असता खुद्द कलावंताला जबानीसाठी पाचारणही केले जाऊ नये, ही गोष्ट कोणत्याही न्यायासनाला भूषणावह नाही. तरीही अमेरिकन चित्रकथांच्या मुखपृष्ठकारांत ज्यांची गणना पहिल्या रांगेत व्हावी त्या जॉनी क्रेग यांच्या बाबतीत २१ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमधील फोली स्क्वेअर येथील न्यायालयाच्या इमारतीत नेमके हेच घडले. त्या दिवशी त्यांच्या कामावर बसलेला शिक्का गेल्या सत्तर वर्षांत पुरता पुसला गेलेला नाही. क्रेग म्हणजे मुलांच्या हाती क्रौर्य विकणाऱ्या धंद्याचे एक कुशल हत्यार, असे म्हणणारे आजही आहेत. प्रस्तुत लेख त्यांना उत्तर देण्यासाठी लिहिला आहे.

प्रथम त्या दिवसाची हकीकत. अमेरिकन सिनेटने बालगुन्हेगारीच्या चौकशीसाठी नेमलेल्या उपसमितीची ती सुनावणी होती. अध्यक्षस्थानी न्यू जर्सीचे सिनेटर रॉबर्ट हेन्ड्रिक्सन होते, आणि प्रश्नकर्त्यांत टेनेसीचे सिनेटर एस्टीस कीफॉव्हर होते, ज्यांचे नाव संघटित गुन्हेगारीच्या चौकशीमुळे आधीच देशभर झाले होते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांची साक्ष झाल्यावर 'ईसी' या प्रकाशनसंस्थेचे मालक विल्यम गेन्स साक्षीस उभे राहिले, तेव्हा कीफॉव्हर यांनी त्यांच्या 'क्राइम सस्पेनस्टोरीज' या नियतकालिकाच्या बाविसाव्या अंकाचे, क्रेग यांनी काढलेले मुखपृष्ठ पुढे करून, हे सुरुचीला धरून आहे असे आपणांस वाटते काय, असा प्रश्न केला. गेन्स यांनी होकार दिला. भयकथेच्या मुखपृष्ठाला ते साजेसे आहे, हातातले मुंडके जरा आणखी वर धरून मानेतून टपकणारे रक्त दाखवले असते तर ते सुरुचीला सोडून झाले असते, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. तोंडातून रक्त येताना दिसतेच आहे, असे कीफॉव्हर यांनी लक्षात आणून देताच, थोडेसे, असे गेन्स उत्तरले. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही साक्ष पहिल्या पानावर छापली, आणि ज्या वाचकांनी तो अंक कधी हाती धरला नव्हता त्यांनीही त्याचा निकाल मनोमन लावून टाकला.

माझी पहिली हरकत या प्रश्नोत्तरांच्या कसोटीलाच आहे. सिनेटर आणि प्रकाशक परस्परांचे प्रतिपक्षी होते खरे. परंतु चित्राची योग्यता त्यात दिसणाऱ्या रक्ताच्या प्रमाणावरून ठरते हे गृहीत दोघांनाही मान्य होते, मतभेद होता तो केवळ मात्रेविषयी. गेन्स यांनी आपल्या चित्रकाराचा बचाव केला असे मानले जाते. मला तसे वाटत नाही. ज्या क्षणी त्यांनी मुंडके किती वर धरावे या हिशेबात उतरण्याचे कबूल केले, त्याच क्षणी चित्राच्या रचनेविषयी, त्याच्या हेतूविषयी आणि ज्या कथांच्या दारावर ते लावले होते त्या कथांविषयी बोलण्याचा हक्क त्यांनी सोडून दिला. चित्रकार तेथे असता तर त्याने काय सांगितले असते याची कल्पना करण्याचे कारण नाही. त्याने काय केले आहे ते आपल्यासमोर आहे.

आता तेच चित्र पाहावे. सुटातला एक पुरुष उभा आहे. त्याच्या एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड आहे, दुसऱ्या हातात केसांना धरलेले एका स्त्रीचे मुंडके. तिचे डोळे वर गेले आहेत, ओठाशी रक्ताचा ओघळ आहे, आणि मागे जमिनीवर पडलेल्या देहाचा काही भाग दिसतो. हे दृश्य बीभत्स आहे, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती ते देऊ नये, हे मी कोणत्याही आक्षेपकाइतक्याच स्पष्टपणे म्हणतो. परंतु बीभत्सता मान्य केल्याने चर्चा संपत नाही, ती तेथून सुरू होते. मारेकऱ्याचा चेहरा चौकटीबाहेर ठेवला आहे. ज्या चित्राला हत्येचा आनंद विकायचा असता त्याने तो चेहरा, त्यावरचा उन्माद, त्यावरचा विजय दाखवला असता, कारण पाहणाऱ्याने खुनी माणसाशी एकरूप व्हावे असे वाटत असेल तर त्याला चेहरा द्यावाच लागतो. येथे चेहरा एकच आहे, आणि तो मृत स्त्रीचा आहे. मानेचा छेदही चित्राच्या खालच्या कडेपलीकडे राहिला आहे. म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेला कृत्याची मौज कोठेच मिळत नाही, कृत्याचा परिणाम मात्र चुकवता येत नाही.

यावर जाणकार आक्षेपक एक दाखला पुढे करतील, आणि तो दडवून ठेवणे मला शोभणार नाही. पहिल्या आराखड्यात मुंडके अधिक वर होते आणि आपण ते खाली घ्यावयास लावले, असे गेन्स यांनी पुढे सांगितले आहे. मग संयम प्रकाशकाचा, चित्रकाराचा कसा, असा प्रश्न होईल. माझे उत्तर असे, की मुंडके खाली आले ते सूचनेमुळे. पण चेहरा वगळण्याची योजना, सारे दृश्य इतके जवळ आणण्याचे धाडस आणि उरलेल्या भागातील स्तब्धता ही कोणाच्या सूचनेने येणारी नव्हे. आणि एका चित्रावर विश्वास नसेल तर क्रेग यांची इतर मुखपृष्ठे पाहावीत. 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' या नियतकालिकाच्या तिसाव्या अंकावर नेहमीच्या शहरी प्रवासी गाडीतला प्रसंग आहे: उभ्या प्रवाशांना आधारासाठी जे कडे लोंबत असते त्याला एक तुटलेला हात घट्ट धरून राहिला आहे. गाडी रोजचीच आहे, प्रवासी रोजचेच आहेत, आणि ज्या वस्तूवर आपण दररोज निर्धास्तपणे हात ठेवतो तीच वस्तू तेथे भयाचे आश्रयस्थान झाली आहे. हे काम रक्ताच्या मात्रेने साधणारे नाही. त्यासाठी नित्याच्या जीवनाचे बारकाईने निरीक्षण करावे लागते.

आपल्या रसशास्त्राने भयानक आणि बीभत्स यांना रसांच्या पंक्तीतून उठवून लावले नाही. हाती मुंडके धरलेल्या कालीची तसबीर आणि हिरण्यकशिपूचे पोट विदारणारा नृसिंह ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या मुलाबाळांदेखत पूजिला, त्या समाजाला हे सांगण्याची गरज पडू नये की एकच दृश्य संदर्भपरत्वे वेगळा अर्थ धारण करते. क्रेग यांच्या चित्रांना देवत्व बहाल करण्याचा यात हेतू नाही. माझा मुद्दा इतकाच, की छिन्न मस्तक दाखवले, सबब चित्र दोषी, हे अनुमान तर्काला धरून नाही. त्या मस्तकाभोवती कलावंताने कोणता अर्थ उभा केला याचा तपास केल्यावाचून निकाल देता येत नाही.

दुसरा आरोप डॉ. वर्थम यांचा, आणि तो अधिक गंभीर आहे, कारण त्यात रुचीचा नव्हे तर अपायाचा प्रश्न आहे. १९५४ सालीच प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रतिपादन केले की अशा चित्रकथा मुलांना गुन्ह्याकडे नेतात. वर्थम यांना खलपुरुष ठरवण्याची काही लेखकांची सवय मला मान्य नाही. ज्यांना इतरत्र उपचार मिळत नसत अशा कृष्णवर्णीय गरिबांसाठी त्यांनी १९४६ साली हार्लेममध्ये अल्प शुल्काचे मानसोपचार केंद्र चालू केले, आणि वर्णभेदाच्या शाळांमुळे मुलांच्या मनाला होणाऱ्या इजेविषयीची त्यांची साक्ष डेलावेअरमधील खटल्यात उपयोगी पडली. परंतु माणूस सद्हेतूचा आहे एवढ्याने त्याचा पुरावा शाबीत होत नाही. त्यांच्यापुढे आलेली मुले आधीच अडचणीत सापडलेली होती, आणि तो काळ असा होता की अमेरिकेतील बहुतेक सर्व मुले चित्रकथा वाचत असत. गावातील सारी मुले एकाच विहिरीचे पाणी पीत असता, चोरी करणाऱ्या मुलांनीही तेच पाणी प्यायले होते एवढ्यावरून विहिरीला जबाबदार धरावे, तशातली ही तर्कपद्धती होती. पुढे त्यांचे दप्तर २०१० साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुले झाले, आणि कॅरल टिली यांनी ते तपासून २०१२ साली दाखवून दिले की ग्रंथात मुलांची बोलणी फेरफार करून दिली आहेत, निरनिराळ्या मुलांची प्रकरणे एकत्र केली आहेत, आणि मुलांच्या वर्तनाची दुसरी कारणे नोंदीत असूनही गाळली आहेत. ज्या साक्षीच्या बळावर एका कलेला गुन्हेगार ठरवले त्या साक्षीचे मूळ कागद असे निघाले, तर निकालाचा फेरविचार करणे हे न्यायबुद्धीचे कर्तव्य ठरते.

कार्यकारणाचा असाच गोंधळ अटलांटिकपलीकडेही झाला. २३ सप्टेंबर १९५४ रोजी ग्लासगोच्या गॉर्बल्स भागातील मुले हाती काठ्या आणि चाकू घेऊन, लोखंडी दातांचा पिशाच शोधण्यासाठी तेथील दफनभूमीत जमली. हे अमेरिकन भयकथांचेच फळ, असा बोभाटा लगोलग झाला. मुलांनी हा पिशाच चित्रकथेतूनच घेतला, हे कधी सिद्ध झाले नाही. लोखंडी दातांचे श्वापद मात्र बायबलमधील दानिएलच्या पुस्तकात आहे, आणि लोखंडी दातांची म्हातारी एका जुन्या स्कॉटिश बालकवितेत आहे. मुलांची कल्पनाशक्ती भयाचे खाद्य कोठूनही मिळवते. तिला ते पुरवणारा म्हणून एकाच दुकानदाराला पकडणे सोपे असते, आणि म्हणूनच तसे केले जाते.

तिसरा आरोप कलासमीक्षकांच्या गोटातून येतो: क्रेग हे विक्रेत्याच्या आज्ञेने कुंचला चालवणारे भाडोत्री कारागीर, त्यांच्या कामाला कलेचा मान देणे म्हणजे स्मरणरंजनाला शास्त्राची वस्त्रे चढवणे. या आरोपाला उत्तर त्यांच्या कारकिर्दीच्या तपशिलातच आहे. २५ एप्रिल १९२६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील प्लेझंटव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. शाळकरी वयातच ते चित्रकथाकारांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले, आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकले, महायुद्धात व्यापारी नौदलात आणि सैन्यात राहून आले, आणि परतल्यावर ईसीच्या कामावर रुजू झाले. १९५० साली त्या संस्थेने भयकथांची नियतकालिके सुरू केली. त्यांपैकी 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर'चे बाराव्यापासून चाळिसाव्यापर्यंत, म्हणजे जेवढे निघाले तेवढे सर्व २९ अंक क्रेग यांच्याच मुखपृष्ठांनी सजले, आणि पुढे त्याच्या संपादनाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. संस्थेतील बहुतेक कथा अल फेल्डस्टीन लिहीत. क्रेग मात्र आपल्या कथा स्वतः लिहीत, स्वतः रेखाटत आणि स्वतःच शाईत उतरवीत. पानामागे ठरलेल्या दराने मोबदला मिळत असता जो चित्रकार महिन्याला जेमतेम एक कथा पुरी करी, कारण प्रत्येक रेषा मनासारखी आल्याखेरीज तो पान हातावेगळे करीत नसे, त्याला भाडोत्री म्हणणे म्हणजे व्यवहाराचा साधा हिशेबही न पाहता बोलणे होय.

मुखपृष्ठाच्या कलेचा हा आक्षेपक सहसा विचारच करीत नाही. दहा सेंट किमतीचा अंक वृत्तपत्रविक्रेत्याच्या फळीवर डझनावारी अंकांच्या दाटीत पडलेला असे. मुखपृष्ठाला मिळणारा अवधी नजर फिरण्यापुरता. त्यातच वरचा मोठा भाग शीर्षकाने व्यापलेला, रंग छापखान्याच्या मर्यादेतले आणि कागद हलका. एवढ्या जागेत आणि एवढ्या क्षणात प्रसंग, पात्रे, स्थळ आणि शंका ही सारी उभी करावयाची, आणि तरीही कथेचे रहस्य फोडावयाचे नाही. क्रेग यांची माणसे जाहिरातीतील माणसांसारखी नीटनेटकी असतात. कपडे इस्त्रीचे, दिवाणखाना स्वच्छ, रेषा निर्मळ आणि आत्मविश्वासाची. सुस्थित मध्यमवर्गीय संसाराच्या या नेटक्या चित्रात लोभ, मत्सर आणि विश्वासघात शिरताना दिसतात, आणि यात युद्धोत्तर अमेरिकेच्या संपन्नतेविषयीचे जे भेदक निरीक्षण आहे ते त्या काळाच्या कितीतरी प्रतिष्ठित चित्रकारांत आढळत नाही. ज्या सुनावणीत क्रेग यांचे चित्र आरोपी होते, त्याच सुनावणीत वॉल्ट केली आणि मिल्टन कॅनिफ यांच्यासारखे वृत्तपत्रीय चित्रमालिकांचे नामांकित कर्ते व्यंगचित्रकारांच्या संघटनेच्या वतीने हजर होते, आणि आपला व्यवसाय या नियतकालिकांहून वेगळा आहे हे ठसवण्याची त्यांनी काळजी घेतली. व्यवसायबंधूंनीही ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवले त्याला कलेच्या दरबारात उशिरा का होईना जागा देणे, हे आजच्या अभ्यासकांवरचे ऋण आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मी मुद्दाम शेवटी घेतला आहे. त्या चित्रात मारली गेलेली व्यक्ती स्त्री आहे, आणि त्या काळच्या गुन्हेकथांच्या मुखपृष्ठांवर बळी म्हणून स्त्रीच पुन्हापुन्हा येते. ही वस्तुस्थिती आहे, आणि त्या बाजारपेठेचा तो दोष होता हे मान्य केलेच पाहिजे. क्रेग त्या बाजारपेठेत वावरत होते, तिच्या वर नव्हते. परंतु त्या बाजारात स्त्रीचा देह भयभीत असतानाही मोहक करून दाखवण्याची जी सर्रास वहिवाट होती, ती या चित्रात पाळलेली नाही. येथील मृत्यू कुरूप आहे, जसा तो असतो. शिवाय क्रेग यांच्या कथांतील स्त्रिया केवळ बळी नाहीत. 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'च्या पस्तिसाव्या अंकातील त्यांच्या सुप्रसिद्ध कथेत नाताळच्या रात्री पतीचा खून करणारी पत्नीच मुख्य पात्र आहे. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला, सांताक्लॉजचा वेष घेतलेला खुनी तिच्या घराभोवती फिरत असतो, आणि घरात स्वतःच केलेला खून पडून असल्यामुळे तिला पोलिसांना बोलावता येत नाही. कथेतील सारे भय या नैतिक कोंडीतून जन्मते: अपराध्याने आपल्याच हातांनी आपल्या सुटकेचे दार बंद केलेले असते. या कथेवर १९७२ साली ब्रिटिश चित्रपटात एक भाग झाला आणि १९८९ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरही ती आली, यावरून तिचे बळ रक्तावर अवलंबून नव्हते हे ध्यानात येईल.

निकालाचे परिणाम मात्र वेळ न लागता अंमलात आले. उपसमितीने सरकारी नियंत्रणाची शिफारस केली नाही. तरीपण धास्तावलेल्या प्रकाशकांनी आपली संघटना उभारली आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्या अन्वये शीर्षकात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द वापरण्यास मनाई झाली, आणि पिशाच, वेताळ, चालती प्रेते हद्दपार झाली. रुचीचे हे पहारेकरी किती विश्वासार्ह होते याचा दाखला असा, की अंतराळवीर कृष्णवर्णीय असल्याचे उघड होणारी, वर्णद्वेषाविरुद्धची एक विज्ञानकथा पुनर्मुद्रित होत असता संहितेच्या प्रशासकांनी त्या वीराच्या वर्णालाच हरकत घेतली; गेन्स यांनी ती जुमानली नाही म्हणून ती कथा जशीच्या तशी छापून निघाली. ईसीने भयकथा बंद केल्या. संहितेच्या चौकटीत क्रेग यांनी संपादित केलेले, वृत्तपत्रकारांच्या साहसांचे 'एक्स्ट्रा!' १९५५ साली पाच अंकांतच बंद पडले. एकोणतिसाव्या वर्षी, जेव्हा रेषा परिपक्व होऊ लागते त्या वयात, हा चित्रकार जाहिरातीच्या व्यवसायात गेला. एक दशकानंतर वॉरन या प्रकाशकांच्या भयकथांसाठी त्यांनी पुन्हा कुंचला उचलला, तेव्हा जाहिरातव्यवसायातील लौकिकाला बाध येऊ नये म्हणून 'जे टेसी' हे टोपणनाव घ्यावे लागले. १९६८ पासून काही काळ त्यांनी 'आयर्न मॅन' या चित्रकथेचे काम केले, पण त्यांची सावकाश चालणारी शिस्त त्या धंद्याच्या वेगाला मानवली नाही. १३ सप्टेंबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

या प्रकरणाशी आपला संबंध नाही असे मराठी वाचकाने समजू नये. ग्लासगोच्या बोभाट्यानंतर ब्रिटिश पार्लमेंटने १९५५ साली अपायकारक चित्रकथांविरुद्ध कायदा केला, आणि त्याच्याच धर्तीवर आपल्या संसदेने १९५६ साली, म्हणजे फोली स्क्वेअरच्या सुनावणीनंतर दोन वर्षांनी, वीस वर्षांखालील व्यक्तींना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांचा कायदा मंजूर केला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य अथवा किळसवाण्या वा भयंकर घटना चित्रांसह अथवा चित्रांविना कथारूपाने सांगणाऱ्या प्रकाशनांना तो लागू होतो, आणि त्यात कैदेच्या शिक्षेची तरतूद आहे. परंतु भीतीच्या वातावरणात जन्मलेल्या या कायद्यानेही एक अट घातली आहे: प्रकाशन समग्रपणे पाहता ते तरुणाला बिघडवणारे असले पाहिजे. जी कसोटी सिनेटर कीफॉव्हर यांना सुचली नाही आणि गेन्स यांना मांडता आली नाही, ती आपल्या कायद्याच्या मजकुरातच नमूद आहे.

ही कसोटी जॉनी क्रेग यांना लावावी एवढीच माझी मागणी आहे. समग्र पाहता त्यांच्या कामात अपराधाचे गौरवीकरण नाही, अपराधाच्या अटळ परिणामांचे दर्शन आहे. क्रौर्याची गोडी नाही, क्रौर्याची जुगुप्सा आहे. आणि या साऱ्याला आधार म्हणून रेषेवरचे असे प्रभुत्व आहे की जे सवंग हेतूने वर्षानुवर्षे टिकवता येत नाही. लहान मुलांच्या हाती काय पडावे हे पालकांनी आणि विक्रेत्यांनी दक्षतेने ठरवावे; ती दक्षता मीही बाळगीन. पण पालकाची दक्षता आणि कलावंताची दोषसिद्धी या दोन भिन्न बाबी आहेत, आणि १९५४ साली त्यांची जी गल्लत झाली तिची किंमत एका थोर मुखपृष्ठकाराने आपल्या कारकिर्दीच्या उमेदीच्या वर्षांनी चुकती केली. तो निकाल रद्द झाला पाहिजे, आणि जॉनी क्रेग यांचे नाव आरोपींच्या यादीतून काढून कलावंतांच्या यादीत दाखल झाले पाहिजे.